पडद्यावरचा शेतकरी हरला तो कागदापायी

जत्रेतल्या तंबूत 'मदर इंडिया' पाहिलेली माणसं आजही गावोगाव भेटतात. त्यांना औताला जुंपून घेतलेली नर्गिस आठवते, सुक्खीलाला आठवतो. पण राधाचं घर बुडालं कशानं, हे विचारून पाहा. पूर आला तो नंतर. आधी होतं लग्नासाठी काढलेलं ५०० रुपयांचं कर्ज. अटींवरून तंटा झाला. पंचांनी सावकाराच्या बाजूनं कौल दिला आणि पिकाचे तीन हिस्से व्याजातच जाऊ लागले. हा चित्रपट १९५७ चा.

त्याआधी १९५३ साली बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. त्यातल्या शंभूच्या हिशेबानं देणं ६५ रुपये, जमीनदाराच्या वहीत मात्र २३५! कोर्टानं वही खरी मानली. शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढू लागला, तरी जमीन गेलीच.

ही नुसती सिनेमातली गोष्ट समजू नका. आपल्याच पुणे आणि नगर जिल्ह्यांत १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले होते. त्यानंतर सरकारला १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा करावा लागला.

तिसरा चित्रपट १९७६ चा, श्याम बेनेगल यांचा 'मंथन'. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, नायिका स्मिता पाटील. यातही अडाणी बाईचा अंगठा कागदावर उठवून घेतात आणि सोसायटी उभी करणाऱ्या डॉक्टरवरच किटाळ आणतात. डॉक्टर निघून जातो, पण सोसायटी मोडत नाही. गावातलाच भोला ती पुढं चालवतो. पहिल्या दोन चित्रपटांतला शेतकरी एकटा होता. इथं दुधाचं माप आणि फॅट गावासमोर लागतं, म्हणून व्यापाऱ्याची मनमानी चालत नाही. फरक आहे तो एवढाच.

आता तुम्ही म्हणाल, ते दिवस गेले. खरंच गेले का? कोऱ्या कागदावर सही करणारे आजही आहेत. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. सावकारीत जमीन बळकावली असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. पण अर्जाला पुरावा लागतो. तेव्हा वाचल्याशिवाय सही नको, अंगठा तर नकोच. पावती घ्या, नक्कल जपून ठेवा.

आणि सरपंच, सचिव, भाऊसाहेब, तुम्हालाही एक विनंती. समोरच्याला वाचता येत नसेल, तर कागद चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवा. त्याला पाचच मिनिटं लागतात. तेवढी पाच मिनिटं शंभूला कुणीच दिली नव्हती.