पन्नास हजारांत गेमिंग पीसी: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

आजचा एपिसोड ज्यांना वाचायला सोपा पडतो, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना घातलेला फापटपसारा काढलाय, बाकी गप्पा त्याच.

मागच्या महिन्यात सांगलीहून मामेभावाचा फोन आला. "दादा, एक पीसी फायनल केलाय. आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट. फक्त अठ्ठावीस हजार!" मामाने आरडी मोडून त्याला पन्नास हजार दिले होते. कॉलेजचं काम आणि गेमिंग, दोन्हीसाठी. मी म्हटलं, पैसे देऊ नकोस, आधी पूर्ण मॉडेल नंबर विचार.

नंबर आला: आय७-३७७० आणि जीटी ७३०. म्हणजे प्रोसेसर २०१२ चा आणि कार्ड २०१४ चं. "आय-सेव्हन" हे आडनाव आहे हो, नाव पुढच्या आकड्यांत असतं. तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसतच नाही. आणि व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. म्हणजे जुगाड करून विंडोज ११ टाकलं तरी पोराचा आवडता गेम चालणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. अठ्ठावीस हजार पाण्यात गेले असते.

म्हणून आज भाव सांगणार नाही, कारण ते दर आठवड्याला हलतात. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कसे चढले ते बघितलंच असेल. आज निवड कशी करायची ते सांगतो.

आधी मॉनिटर बघा

सुरुवात प्रोसेसरपासून करू नका, मॉनिटरपासून करा. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, साधारण २१ लाख पिक्सेल. फोर-के म्हणजे त्याच्या चौपट. प्रत्येक फ्रेमला एवढे पिक्सेल रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डचं. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० फ्रेमच दाखवणार, गेम कोपऱ्यात १८० आकडा दाखवत असला तरी. मामेभावाकडे घरचा फुल एचडी ६० हर्ट्झ मॉनिटर होता. म्हणजे टार्गेट ठरलं: फुल एचडी, ६० च्या वर स्थिर. त्यापुढचा खर्च आत्ता नको.

ग्राफिक्स कार्ड: इथे हात सैल सोडा

बजेट पीसीत मॉनिटर वगळून एकूण रकमेच्या ३५ ते ४० टक्के कार्डवर जाऊ द्या. आणि "किती जीबी" एवढंच विचारू नका. जीटी ७३० सुद्धा ४ जीबीचं मिळतं आणि जीटीएक्स १६५० सुद्धा ४ जीबीचं, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जीबी म्हणजे गोदाम किती मोठं. माल किती वेगाने निघतो ते वेगळं. तरी आजच्या मोठ्या गेम्सना ४ जीबी कमी पडतं, त्यामुळे नवीन घेताना ८ जीबी धरून चाला. आम्ही आरएक्स ६६०० घेतलं. ८ जीबी, वीज १३२ वॉट, फुल एचडीसाठी पुरेसं.

प्रोसेसर: पुरेसा असला की बास

वडापावची गाडी आठवा. एक जण ऑर्डर घेऊन ओरडतो, दुसरा कढईवर असतो. प्रोसेसर ऑर्डर सांगतो, कार्ड तळतं. कढईवाला स्लो असेल तर ओरडणाऱ्याला दुप्पट पगार देऊन वडे लवकर येत नाहीत. आपल्या पीसीत अडकतंय कोण, हे बघायची सोपी ट्रिक: गेमचं रिझोल्यूशन कमी करा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडत होतं. नाही वाढल्या तर बहुतेक प्रोसेसर.

या बजेटला रायझन ५ ५६०० म्हणजे ६ कोर, १२ थ्रेड, किंवा आय३-१२१००एफ म्हणजे ४ कोर, ८ थ्रेड. आम्ही रायझन घेतला, कारण कॉलेजच्या सॉफ्टवेअरला जास्तीचे कोर कामी येतील. एक लक्षात ठेवा: १२१००एफ मधल्या "एफ"चा अर्थ आतलं ग्राफिक्स नाही. साध्या ५६०० मध्येही नाही. कार्ड नंतर घेऊ असा प्लॅन असेल तर ५६००जी बघा, नाहीतर स्क्रीन काळीच राहील.

मदरबोर्ड सॉकेटला जुळणारा, साधा, चांगल्या वॉरंटीचा. जुन्या स्टॉकमधला असेल तर बायोस अपडेट दुकानातच करून घ्या. रॅम एक १६ ची स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, दोन रस्ते एकाच वेळी वापरले जातात. आणि एसएसडी हवीच. विंडोज हार्ड डिस्कवर टाकण्याचे दिवस गेले.

एसएमपीएस: माझी चूक तुम्ही करू नका

बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला मी स्वतःचा पीसी असेंबल केला. शेवटी बाराशे रुपये कमी पडत होते, तर कॅबिनेटसोबत आलेलाच "४५० वॉट"चा एसएमपीएस ठेवला. पाचव्या महिन्यात, सेमिस्टर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, एक फट्ट आवाज आणि जळका वास. जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. प्रोजेक्टचा कोड मित्राच्या पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचलो. बाराशे वाचवायला गेलो आणि सहा हजार घालवले.

तेव्हा स्टिकर वाचता आलं असतं तर कळलं असतं. प्रोसेसर आणि कार्ड, दोघंही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. स्टिकरवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. माझ्यावर १८ अँपिअर होते. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट! वर मोठ्या अक्षरात मात्र ४५०. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर हाच गुणाकार ४०० च्या पुढे जातो.

आणि "८० प्लस" म्हणजे वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र, सुरक्षिततेचं नाही. वॉरंटीची वर्षं, ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण हेही बघा. घरच्या अर्थिंगची वायरमनकडून खात्री करून घ्या. आपल्याकडे लाइट जाते-येते, तेव्हा पुढेमागे यूपीएसही घ्या.

दुकानात गेल्यावर

लॅमिंग्टन रोडला जा, गावातल्या ओळखीच्या दुकानात जा किंवा ऑनलाइन घ्या, पण पक्कं बिल घ्या. "बिलाशिवाय कमी करून देतो" म्हटलं की १८ टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो, पण वॉरंटीच्या वेळी तोच कागद लागतो. बिलावर प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या.

घरी आल्यावर तीन गोष्टी: मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लावा. बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी स्पीडवर धावत राहते. आणि पहिल्या आठवड्यातच भरपूर गेम खेळून घ्या. पार्टमध्ये खोट असेल तर ती तेव्हाच बाहेर पडलेली बरी.

मामेभावाचा पीसी पन्नास हजारांत बसला. कॅबिनेट साधं काळं आहे, एकही दिवा नाही. पहिल्या दिवशी तोंड वाकडं होतं त्याचं. परवा मामाचाच फोन आला, "पोरगं रात्री दोनपर्यंत बसतं रे, याला काही सेटिंग आहे का?"

त्याला मात्र माझ्याकडे पार्ट नाही! तुमची पार्ट्सची यादी ठरवली असेल तर पैसे देण्याआधी एकदा पाठवा. पूर्ण मॉडेल नंबरसकट. भेटू पुढच्या एपिसोडला.