देश एक, स्वभाव अनेक

स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी अकोला जिल्ह्यातील हिवरखेडसारख्या गावी शाळेच्या पटांगणात झेंडावंदन होते. घोषणा देता देता ज्याचा घसा बसतो असा एक विद्यार्थी तेथे असतो. मागच्या रांगेत ओठ मिटून उभा असलेला दुसराही असतो. तिसरा आदल्या सायंकाळी पटांगण झाडून आता कोठेतरी बाजूला उभा असतो. या तिघांत देशावर अधिक प्रेम कोणाचे, असे विचारले तर बहुतेक जण पहिल्याकडे बोट दाखवतील. हा निवाडा घाईचा आहे.

अंतर्मुख आणि बहिर्मुख हे स्वभावप्रकार युंग यांनी १९२१ साली आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. पुढे १९५० साली आडोर्नो व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सत्तेपुढे वाकणारा व दुबळ्यांवर सत्ता गाजवणारा स्वभाव आणि परकीयांविषयीचा द्वेष यांचे नाते त्यात दाखवले होते. त्यांच्या प्रश्नावलीतील विधाने एकाच बाजूला झुकलेली असल्याने केवळ ‘होय’ म्हणण्याची सवय असलेला माणूसही त्या वर्गात जाऊन पडतो, असा आक्षेप नंतर घेण्यात आला. तेव्हा स्वभावावरून राष्ट्रनिष्ठेचे माप काढणे धोक्याचे आहे. परंतु राष्ट्रभावना कोणते रूप घेते, हे मात्र स्वभाव बऱ्याच अंशी ठरवतो.

वऱ्हाडच्या इतिहासात हे विशेष स्पष्ट दिसते. १८५३ च्या तहाने या प्रांताचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण नावापुरते स्वामित्व निजामाचेच राहिले. १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना मिळाला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. धनी हैदराबादेत, अंमल इंग्रजांचा, राजधानी नागपुरास आणि बोली वऱ्हाडी, अशा अवस्थेत वाढलेल्या माणसाला ‘आपले राष्ट्र कोणते?’ याचे उत्तर सरकारी कागदावर मिळत नव्हते. ते त्याला स्वतःच घडवावे लागले. आणि जेथे घडवावे लागते, तेथे घडवणाऱ्याचा स्वभाव उमटतोच.

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे सभा आणि मैफल या दोहोंत रमणारे, हजरजबाबी वकील. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते आणि टिळकांच्या शिक्षेविरुद्ध खटपट करण्यासाठी १९०८ साली विलायतेस गेले. त्यांचे राष्ट्र व्यासपीठावर आणि मैत्रीत साकार झाले. याच जिल्ह्यातील गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडले व रात्री कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारले. राष्ट्र हा शब्द त्यांच्या तोंडी किती वेळा आला, याला महत्त्व नाही. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि पुढे केंद्रीय कृषिमंत्री या नात्याने शेतकऱ्याची बाजू दिल्लीत मांडली; त्यांची राष्ट्रभावना संस्थेच्या रूपाने बोलत होती. शिस्तीत रमणाऱ्यांना १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात आपला देश सापडला. १९३६ साली निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी या मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करीत होते. वऱ्हाड कोणाचे, याची ही दोन उत्तरे एकाच वर्षातली आहेत.

अर्थात सर्व श्रेय स्वभावाला देणे ही चूक होईल. विलायतेस जाण्याला बोलक्या स्वभावाइतकाच पैसाही लागतो. परिटाच्या घरी जन्मलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसापुढे व्यासपीठ आपण होऊन येत नाही. जात, जमीन आणि शिक्षण यांनी आखलेल्या वाटांतूनच स्वभाव आपली वाट निवडतो. शिवाय प्रत्येक स्वभावाचा आपला असा दोष असतो. बोलक्याची राष्ट्रभावना गोंगाटात विरते, शिस्तप्रियाची आज्ञाधारकपणात संपते, टीकाकाराची कडवटपणात अडकते आणि अबोलाची उदासीनतेला जाऊन मिळते. म्हणूनच या सर्वांना एकमेकांची गरज असते.

समाज मात्र सर्वांना एकच कसोटी लावू पाहतो, आणि ती बहुधा सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाने ठरवलेली असते. मग मौन संशयास्पद ठरते, प्रश्न विचारणे द्रोह ठरते आणि मुकाट्याने केलेले काम मोजणीतच येत नाही. गाडगेबाबा १९५६ साली निवर्तले. ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव राज्य शासनाने दिले ते २००० साली. झाडूतील राष्ट्रकार्य ओळखण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला.

याउलट, आंदोलन सर्वांना सामावून घेते तेव्हा काय घडते, तेही वऱ्हाडने पाहिले आहे. मिठाच्या सत्याग्रहाला येथे समुद्र नव्हता. म्हणून १९३० साली अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढण्यात आले. अशा कामाला भाषण करणारा लागतो, तसाच पाणी शेंदणारा आणि चुलीशी बसणाराही लागतो. त्या मिठात कोणाचा वाटा किती, हे घोषणेच्या आवाजावरून ठरवता येणार नाही.

शाळेच्या पटांगणात हाच धडा शिकवता येण्यासारखा आहे. घोषणा देणाऱ्या मुलाचे कौतुक अवश्य व्हावे. पण ओठ मिटून उभ्या असलेल्या मुलाला जाब विचारण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या डोळ्यांकडे पाहावे, आणि पटांगण कोणी झाडले याचीही चौकशी करावी.