घरच्या प्रवासाचा हिशेब

किराणा, दूध, वीजबिल यांचा हिशेब आपण ठेवतो. प्रवासाचा कोणी ठेवत नाही. आम्ही पुण्यात आठवडाभर घरातील प्रत्येकाची फेरी वहीत लिहिली. कामावरचा लांबचा प्रवास बसनेच होता. दुचाकीच्या बहुतेक फेऱ्या मात्र दोन किलोमीटरच्या आतल्या निघाल्या. भाजी, शिकवणी, औषधे! थंड इंजिन सुरुवातीला पेट्रोल अधिक पिते, म्हणून याच फेऱ्या किलोमीटरमागे महाग पडतात. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पेट्रोलच्या वजनाच्या तिप्पट, कारण जळताना हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो.

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. २००७ साली पुणे व पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली, ६ मार्च २०२२ रोजी मेट्रोचे उद्घाटन झाले. पण थांब्यापर्यंत चालायला पदपथ मोकळा नसेल तर माणूस दुचाकीच काढतो. त्या पदपथावर उभ्या गाड्यांत आपलीही एक असते, हे कबूल केले पाहिजे. आणि ऐपत असलेले बस सोडून गेले की उत्पन्न घटते, फेऱ्या कमी होतात. मग धुण्याभांड्याला जाणाऱ्या आयाबहिणी आणि पासवाले विद्यार्थी थांब्यावर ताटकळतात.

विद्यार्थी मित्रांनी अशी वही घरी जरूर घालून पाहावी. दोन किलोमीटरच्या आत दुचाकीची चावी मागायची नाही, असे आमच्या घरी ठरले आहे. चिरंजिवांची कुरकुर चालू आहे; सायकलच्या मागच्या चाकाला नवी ट्यूब मात्र त्यांनी परवा स्वतःच बसवून आणली.