एका कानाचा हिशेब

दादर पश्चिमेला रानडे रोडवर सकाळी दुकानाचे शटर वर जाते, धूपदीप होतो आणि पहिला फोन वाजतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने व्यापारी तो डाव्या कानाला लावतो, कारण उजवा हात पावतीपुस्तकासाठी मोकळा हवा असतो. पलीकडून आवाज येत नाही. दोन-चार वेळा ‘हॅलो’ होते, नेटवर्कला दोष दिला जातो आणि फोन ठेवला जातो. दुपारी तोच फोन सहज उजव्या कानाला लागतो, तेव्हा उलगडा होतो की बिघाड फोनमध्ये नव्हताच. एका कानाची श्रवणशक्ती अचानक गेल्याचा शोध पुष्कळांना असाच लागतो.

पुढचे दिवसही बहुतेक घरांत सारखेच जातात. सर्दी उतरली असेल, मळ साठला असेल, असे म्हटले जाते. लसणीचे तेल जैन घरांत येत नाही. पण कोमट केलेले तिळाचे तेल येतेच. लग्नसराईचे गिऱ्हाईक दारात असते, दुसरा कान चालू असतो, म्हणून डॉक्टरांकडे जाणे महिनाभर लांबते. पुढे घरच्यांनी आग्रह धरला की तोच व्यापारी एका दुपारी जाऊन महागडे यंत्र विकत घेऊन येतो आणि आठवड्याभरात ते कपाटात ठेवतो. घाई करायची ती पहिल्या आठवड्यात आणि सबूर धरायची ती यंत्र घेताना. व्यवहारात नेमके याच्या उलट घडते.

पहिल्या आठवड्याची निकड समजून घ्यायला हवी. ऐकू न येण्याची कारणे दोन जातींची असतात. एकात आवाजाची वाट अडलेली असते. मळ, पडद्यामागे साचलेले पाणी, पडद्याला पडलेले छिद्र ही त्याची उदाहरणे. दुसऱ्यात आतला शंख किंवा त्यापुढची नस दुखावलेली असते. फरकाचा थोडासा अंदाज घरीही येतो. ओठ मिटून ‘हम्’ असा स्वर काढावा. वाट अडली असेल तर तो स्वर बंद कानातच मोठा भासतो. नस दुखावली असेल तर तो चांगल्या कानाकडे ओढला जातो. हा केवळ अंदाज आहे, निदान नव्हे. निदान तज्ज्ञ कानात पाहून, चिमट्यासारखा कंपनकाटा वाजवून आणि ऑडिओमेट्री करून करतात. ऑडिओमेट्रीच्या कागदावर उजवा कान तांबड्या वर्तुळांनी आणि डावा निळ्या फुल्यांनी दाखवलेला असतो. तो कागद जमाखर्चाच्या वहीइतकाच जपून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक निर्णयाला तो लागतो.

७२ तासांच्या आत सलग तीन कंपनपट्ट्यांवर ३० डेसिबल किंवा अधिक श्रवण घटले, तर वैद्यकशास्त्र त्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणते आणि तातडीची बाब मानते. मुंबईच्याच पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये, विमानातून उतरल्यावर काहीच ऐकू येईनासे झाले आणि विषाणूच्या हल्ल्याने नसेचा बहिरेपणा आल्याचे निदान झाले, असे स्वतः जाहीर केले, तेव्हा अनेकांनी या दुखण्याचे नाव प्रथमच ऐकले. पुष्कळ रुग्णांत तर नेमके कारण सापडतच नाही.

यावरील मुख्य औषध स्टेरॉइड. पहिल्या दोन आठवड्यांत ते सुरू झाले तर उपयोगाची शक्यता अधिक. पोटातून घेतलेल्या गोळ्यांनी गुण आला नाही, तर दोन ते सहा आठवड्यांच्या काळात पडद्यातून थेट मध्यकर्णात इंजेक्शन देता येते. मधुमेह्यांची साखर या गोळ्यांनी चढते, म्हणून त्यांच्यासाठी डॉक्टर कधी आरंभापासूनच इंजेक्शनाचा विचार करतात. काहींचे श्रवण आपोआपही परतते. पण ते कोणाचे परतेल हे आधी सांगता येत नाही आणि वाट पाहण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत. सोबत एमआरआयही करावा लागतो, कारण क्वचित श्रवणनसेवरची साधी गाठ प्रथम अशाच रूपाने प्रकट होते.

येथे जैन घरांत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. चौविहार असेल तर औषध कसे घ्यायचे? या गोळ्या सहसा सकाळी, काही खाऊन एकाच वेळी घ्यायच्या असतात. त्यामुळे नवकारशीनंतरच्या न्याहारीसोबत त्या घेता येतात आणि चौविहाराला बाध येत नाही. अडचण येते ती पर्युषणातील उपवासांची. औषधाचा क्रम आपल्या मनाने मध्येच तोडणे धोक्याचे असते. तेव्हा तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वीच डॉक्टरांशी आणि महाराजसाहेबांशी बोलून घ्यावे.

वाट अडल्याची प्रकरणे तुलनेने सोपी. मळ काढता येतो. फाटलेला पडदा रुग्णाच्याच कानावरच्या पातळ पापुद्र्याने सांधता येतो. मध्यकर्णातले तीन-साडेतीन मिलिमीटरचे रिकिबीच्या आकाराचे हाड घट्ट झाले, तर त्याच्या जागी बारीक दट्ट्या बसवण्याची शस्त्रक्रिया १९५६ पासून प्रचारात आहे. अशा शस्त्रक्रियांत आधारासाठी जो स्पंज भरतात तो बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचा असतो. त्याविषयी विचारायचे असेल तर शस्त्रक्रियेच्या आदल्या भेटीत विचारावे, टेबलावर नव्हे.

उपचार करूनही नसेचा बहिरेपणा राहिला, तर खरा निवडीचा प्रश्न उभा राहतो. एक कान उत्तम असताना दुसऱ्यासाठी खटाटोप कशाला, असे दुकानाबाहेरचा माणूस विचारील. दोन कानांवर आवाज पोहोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर पडते. तेवढ्या फरकावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो आणि गोंगाटातून हवा तो शब्द वेचतो. एक कान गेला की टिळक पुलाखाली मागून आलेला हॉर्न कोणत्या बाजूचा, हे कळत नाही. बहिऱ्या बाजूने बोललेल्या गिऱ्हाइकाला उत्तर मिळत नाही आणि ‘शेठ माजले’ असा समज करून ते शेजारच्या दुकानात जाते.

त्या कानात थोडे श्रवण उरले असेल आणि शब्द स्पष्ट उमटत असतील, तर नेहमीचे श्रवणयंत्र पुरते. शब्दच फाटके येत असतील तर आवाज वाढवून काही साधत नाही, फक्त गोंगाट वाढतो. कपाटात गेलेली यंत्रे बहुधा याच चुकीची. कान पूर्ण गेला असेल तर तीन मार्ग उरतात. ‘क्रॉस’ पद्धतीच्या यंत्रात बहिऱ्या बाजूचा मायक्रोफोन तिकडचा आवाज बिनतारी चांगल्या कानाकडे पाठवतो. शस्त्रक्रिया लागत नाही आणि डावीकडचे गिऱ्हाईक ऐकू येते; मात्र दिशा कळत नाही, आणि बहिऱ्या बाजूला रस्ता असेल तर रस्त्याचा कोलाहलही चांगल्या कानात ओतला जातो.

दुसरा मार्ग हाडाचा. कानामागच्या हाडातून कंप पलीकडच्या आतल्या कानाला पोहोचवतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९७७ मध्ये प्रथम रुग्णांच्या हाडात टायटॅनियमचा खिळा बसवून अशी यंत्रे जोडण्यात आली. याचा मोठा गुण असा की खिळा बसवण्याआधी तेच यंत्र डोक्याच्या पट्ट्यावर लावून वापरून पाहता येते. दिशा येथेही परत येत नाही.

तिसरा मार्ग कॉक्लिअर इम्प्लांट. बहिऱ्या कानालाच पुन्हा कामाला लावणारा हा एकच मार्ग. शस्त्रक्रियेने आतल्या शंखात तारा बसवून नसेला विद्युतसंकेत देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एका कानाच्या बहिरेपणासाठी त्याला २०१९ मध्ये मान्यता दिली. दिशेचे ज्ञान यात काही अंशी परतते आणि कानातली सततची शीळही अनेकांची कमी होते. परंतु खर्च लाखांत जातो, नस शाबूत असावी लागते, आरंभी आवाज यांत्रिक वाटतो आणि महिनोन्‌महिने सराव करावा लागतो. बालपणी गालगुंडाने गेलेला कान पन्नाशीत असा जागा करण्यापासून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. (सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची नाही; नातवंडांच्या डॉक्टरांना त्याबद्दल अवश्य विचारावे.)

पैशाची बाजूही पाहावी. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. अनेक आरोग्यविमा पॉलिसी मात्र यंत्राचा खर्च देत नाहीत. अपवादांचे पान आधी वाचावे. दिव्यांगत्वाच्या दाखल्याची आशा धरू नये. २०१६ चा कायदा दोन्ही कानांतील घट मोजतो. टक्केवारी काढताना चांगल्या कानाच्या आकड्याला पाचाने गुणून त्यात वाईट कानाचा आकडा मिळवतात आणि बेरजेला सहाने भागतात. चांगला शून्य आणि वाईट शंभर धरला तरी उत्तर १७ च्या आत येते. सवलतींना ४० लागतात. प्राप्तिकरातील वजावटही त्यामुळे मिळत नाही.

तपासणीसाठी दादरकरांना दूर जावे लागत नाही. परळचे केईएम रुग्णालय जवळच आहे. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच विषयाला वाहिलेली आहे. पश्चिम रेल्वेने दादरहून तिसरे स्थानक. तेथे किंवा अन्यत्र, यंत्र घेण्यापूर्वी काही आठवड्यांची चाचणी मागावी आणि ती शांत खोलीत न करता सायंकाळच्या गर्दीत, आपल्याच गल्ल्यावर करावी. व्याख्यानालाही ते लावून बसावे. श्रावक म्हणजेच ऐकणारा. तेथे शब्द पोहोचतो की नाही हे पाहणे अगत्याचे. रोज रात्री दोन ओळी लिहाव्यात: काय ऐकू आले, काय निसटले, यंत्र किती तास कानावर राहिले.

चाचणी चालू असताना, किंबहुना तिच्याही आधी, दुकानातली बैठक बदलून पाहावी. बहिरा कान भिंतीकडे, चांगला कान गिऱ्हाइकाकडे, पंखा व म्युझिक सिस्टिम दूर. घरी जेवताना कडेची जागा, व्याख्यानात चांगला कान पाटाकडे. काहींना एवढ्यानेच इतके साधते की यंत्राचा विचार ते पुढच्या वर्षावर टाकतात.