फितीवरचा देश

1953 चा सप्टेंबर. भारतीय जवानांची जहाजं कोरियाच्या इंचॉन बंदरात पोचली, पण जवानांना किनाऱ्यावर पाय ठेवता येईना. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय फौजेला आपल्या जमिनीवर उतरू द्यायला साफ नकार दिला होता. शेवटी जहाजावरून हेलिकॉप्टरने तुकड्या उचलून थेट युद्धबंदी रेषेवरच्या लष्करमुक्त पट्ट्यात नेल्या. कोरियन युद्धातले, मायदेशी परतायला तयार नसलेले बावीस हजारांवर युद्धकैदी तिथे सांभाळायचे होते. कैदी सांभाळणाऱ्या या फौजेचे, म्हणजे कस्टोडियन फोर्सचे, प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडच्या वडगावचे.

कैद्यांनी एका भारतीय मेजरलाच ओलीस धरलं, तेव्हा थोरात मोजक्या साथीदारांनिशी कुंपणाच्या आत गेले आणि बोलण्याच्या बळावर त्याला सोडवून आणलं. कोरियातल्या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र वर्ग 2, म्हणजे आजचं कीर्तिचक्र, मिळालं.

सेनापतीची नोंद इतिहासात होते. पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाची नोंद राहते ती त्याच्या मेडलवर.

1960 मध्ये भारताने विदेश सेवा मेडल सुरू केलं. आकाशी फीत, तिच्यावर पाच पांढऱ्या रेघा आणि ज्या देशात सेवा झाली त्याचं नाव कोरलेली छोटी धातूची पट्टी. संयुक्त राष्ट्रांचं पदक वेगळं. ते कांस्याचं, मागच्या बाजूला ‘शांततेच्या सेवेत’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. साधारण नव्वद दिवसांची सेवा झाली की ते मिळतं. मोहीम बदलली की फितीचे रंग बदलतात. पदक मात्र फोर्स कमांडरला आणि लंगरच्या आचाऱ्याला एकच. या पदकाची खरी थोरवी इथे आहे.

गाझा आणि सिनाईतल्या 1956 ते 1967 च्या मोहिमेच्या फितीत वाळवंटाचा वाळूरंग आहे. जून 1967 चं युद्ध पेटलं तेव्हा गाझात असलेले भारतीय जवानही त्यात मारले गेले. त्याआधी, 5 डिसेंबर 1961 ला, काँगोत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. शांतिसेनेत लढून परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव. पुढे 1993-94 मध्ये सोमालियात गेलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये 5 महार ही बटालियन होती. आणि 2019 ते 2022 या काळात दक्षिण सुदानमधल्या शांतिसेनेचे फोर्स कमांडर होते लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली आजवर सुमारे 180 भारतीयांनी प्राण दिले आहेत.

आता आपल्या वाशीमकडे येऊ. हा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. त्यामुळे इथला कुणी कोरिया, गाझा किंवा काँगोत गेला असेल, तर जुन्या कागदांत त्याचा जिल्हा अकोला असणार. वाशीमच्या नावाखाली शोधलं तर तो सापडायचा नाही.

म्हणून रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, मानोऱ्यातल्या माजी सैनिकांच्या घरांना एक विनंती. आजोबांच्या ट्रंकेतलं मेडल भंगारात किंवा सोनाराकडे देऊ नका. ते चकचकीत करायला घासूही नका, कारण भारतीय मेडलच्या कडेवर बहुधा सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. फितीचे रंग आणि पट्टीवरचा देश पाहा, ते नाव-नंबर वहीत उतरवून घ्या, आणि सेवापुस्तक त्याच्यासोबतच ठेवा.