स्पॅनिश शब्दांतील अक्षरे आणि आघात

स्पॅनिश शब्द अक्षरांत फोडताना आधी स्वर पाहावेत. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या अक्षरात जाते: का-सा (घर). दोन व्यंजने बहुधा विभागतात, कार-ता (पत्र). पण ब्र, द्र, प्ल अशा जोड्या अभंग राहतात: पा-ला-ब्रा (शब्द). 'फा-मि-ल्या'त (कुटुंब) शेवटचे इ-आ एकत्र उच्चारतात. 'मा-री-आ' या नावात ई आघातयुक्त असल्याने ते सुटे होतात.

आघात लिखाणावरूनच कळतो, ही शिकणाऱ्याची मोठीच सोय. शब्दाच्या शेवटी स्वर, न् किंवा स् असेल तर आघात उपान्त्य अक्षरावर, एरवी अंत्य अक्षरावर; म्हणून 'मा-द्रिद'मध्ये जोर 'द्रिद'वर. याला अपवाद असला की स्वरावर तिरके चिन्ह देतात. ते कधीही गाळू नये: 'आब्लो' म्हणजे 'मी बोलतो', पण अंत्य ओवर चिन्ह आले की अर्थ होतो 'तो बोलला'.