पाच फूट आठ इंचांच्या अलीकडे

मॉडेल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रॅम्पवरून दमदार पावले टाकीत येणारी उंच, शिडशिडीत तरुणी उभी राहते. हे चित्र इतके रूढ झाले आहे की, नाकीडोळी नीटस, बोलक्या चेहऱ्याची, परंतु लहान चणीची मुलगी घरात या व्यवसायाचा विषय काढते, तेव्हा पहिला आक्षेप तिच्या उंचीवरच घेतला जातो. हा आक्षेप निराधार नाही. मात्र तो या व्यवसायाच्या एका शाखेपुरताच खरा आहे.

आधी आकडे पाहू. आंतरराष्ट्रीय फॅशन शोमध्ये स्त्री मॉडेलची उंची साधारणतः ५ फूट ९ इंच किंवा अधिक अपेक्षिली जाते. आपल्याकडील मोठ्या फॅशन सप्ताहांची अपेक्षाही ५ फूट ८ इंचांच्या आसपास असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची मात्र सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे ५ फुटांच्या जवळपास आहे. वस्त्र विकत घेणारी आणि ते अंगावर घालून दाखविणारी यांच्यात असे आठ-नऊ इंचांचे अंतर पडते. ऑनलाइन खरेदीत छायाचित्रातील मॉडेलच्या गुडघ्यापर्यंत असलेला कुर्ता घरी आल्यावर पोटरीखाली उतरतो, हा अनुभव आपल्या अनेक वाचक भगिनींना असेल.

रॅम्पवरील उंचीची अट केवळ लहरीतून आलेली नाही. नमुन्याचे कपडे एकाच मापात शिवले जातात आणि कोणता पोशाख कोणी घालायचा, हे ऐनवेळी बदलू शकते. म्हणून सर्व मॉडेल जवळपास एकाच बांध्याच्या असाव्या लागतात. शिवाय प्रेक्षक दूर बसलेले असतात. लांब देहावरून वस्त्र कसे उतरते, हे त्यांना सहज दिसते. ५ फूट २ इंच उंचीच्या तरुणीने उमेदीची चार-पाच वर्षे याच दारावर थापा मारण्यात घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अपवादांची उदाहरणे नेहमी दिली जातात. १९६६ साली लंडनमध्ये प्रकाशात आलेली ट्विगी ५ फूट ६ इंचांची होती. १९८८ साली न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर, वयाच्या चौदाव्या वर्षी, एका एजन्सीच्या संचालिकेच्या नजरेस पडलेली केट मॉस सुमारे ५ फूट ७ इंचांची. ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ या दूरचित्रवाणी स्पर्धेचे २००९ सालचे एक पर्व तर खास ‘कमी’ उंचीच्या मुलींसाठी होते. तिथली कमाल मर्यादाही ५ फूट ७ इंच! जगाने बुटक्या ठरविलेल्या या स्त्रिया आपल्याकडील लग्नाच्या पंगतीत उंच म्हणूनच उठून दिसल्या असत्या. त्यामुळे त्यांच्या कथा प्रेरक असल्या तरी भारतीय तरुणीला त्यांचा व्यावहारिक उपयोग बेताचाच. डेव्हन आओकीचे उदाहरण त्यातल्या त्यात जवळचे. सुमारे ५ फूट ५ इंच उंची असूनही तिने पॅरिसच्या नामवंत फॅशन गृहांसाठी काम केले.

खरी संधी छायाचित्रात आहे. छायाचित्राच्या चौकटीत मोजपट्टी नसते. शेजारी उंच व्यक्ती किंवा दाराची चौकट नसेल, तर पाहणाऱ्याला उंचीचा अंदाज येत नाही. दिसते ते प्रमाण. धडाच्या मानाने पाय लांब, मान मोकळी आणि खांदे सरळ असतील, तर ५ फुटांची तरुणीही छायाचित्रात उंच भासते. अनुभवी छायाचित्रकार कॅमेरा कमरेच्या पातळीवर आणतो, त्यामुळे पाय अधिक लांब दिसतात. उलट वरून टिपलेल्या चित्रात देह आखूड होतो. या जुजबी गोष्टी मॉडेलला स्वतःला ठाऊक असणे आवश्यक आहे.

जाहिरातीच्या आपल्या परंपरेतही चेहऱ्याचे मोल मोठे आहे. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय चित्रतारका लीला चिटणीस होत. वाचकांच्या स्मरणात राहिली ती त्यांची मुद्रा. पुढे दूरदर्शनच्या काळात कविता चौधरी यांनी साकारलेल्या सर्फच्या ‘ललिताजी’ घरोघरी पोहोचल्या. त्यांची उंची किती, हा प्रश्न कोणत्याही गृहिणीला पडला नसावा. बँक, विमा, औषधे, मसाले, घरगुती उपकरणे यांच्या जाहिरातींना हवी असते ती शेजारीण वाटावी अशी स्त्री, आणि आपली शेजारीण क्वचितच ५ फूट ८ इंचांची असते.

दागिन्यांच्या जाहिरातीत तर मान, कान आणि हात यांनाच महत्त्व. केवळ हातांची छायाचित्रे देणाऱ्या मॉडेल असतात. समान रंगाची त्वचा, निमुळती बोटे, निगा राखलेली नखे आणि कप उचलून तासभर न थरथरणारे मनगट हे त्यांचे भांडवल. भांडी घासताना हातमोजे घालण्याचा त्यांचा कटाक्ष पाहून घरचे हसतात, पण उत्पन्न त्याच हातांवर असते.

याहून कमी परिचित काम म्हणजे ‘फिट मॉडेल’चे. अमेरिकेत ५ फूट ४ इंच व त्याखालील उंचीच्या स्त्रियांसाठी ‘पेटीट’ ही स्वतंत्र मापे आहेत. १९४०च्या दशकात हॅना ट्रॉय या डिझायनरने ती लोकप्रिय केली. मोठा पोशाख खालून कापला की लहान पोशाख होतो, असे नाही. खांदा, बाही, कंबर, गुडघा यांच्या जागाच बदलतात. म्हणून असे कपडे तयार करणाऱ्यांना नमुना चढवून पाहण्यासाठी नेमक्या मापाची व्यक्ती लागते. हे काम कॅमेऱ्यासमोरचे नाही. त्यात प्रसिद्धी मिळत नाही, पण मापे स्थिर राखणाऱ्या आणि ‘काखेत घट्ट होते’ एवढे अचूक सांगू शकणाऱ्या स्त्रीला तिथे पुन्हा पुन्हा बोलावणे येते.

शाळकरी मुलीच्या भूमिकेसाठीही लहान चणीच्या सज्ञान तरुणीचा विचार होऊ शकतो. चौदा वर्षांखालील बालकलाकाराला घ्यायचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. (जाता जाता : २०१७ सालच्या नियमांनुसार अशा बालकाच्या उत्पन्नापैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. आमच्या शाखांतील सहकाऱ्यांना हे ठाऊक असलेले बरे.)

तयारीचा खर्च आटोपशीर ठेवावा. आरंभी दहा-बारा उत्तम छायाचित्रे पुरतात : एक चेहरा, एक पूर्णाकृती, एक साडीतील, एक हसरे आणि काही मेकअपविरहित. उंची मात्र अनवाणी मोजून खरी लिहावी. दोन इंच वाढवून लिहिणारीचे पितळ चाचणीच्या पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडते, आणि मग तिची इतर मापेही संशयास्पद ठरतात. उंचीची उणीव वजन घटवून भरून काढण्याचा विचारही मनात आणू नये. कृशतेच्या अतिरेकाने झालेली हानी पाहूनच फ्रान्सने २०१७ पासून मॉडेलसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचे केले.

आता हिशेबाकडे. या व्यवसायात एका महिन्यात चार कामे, तर पुढचे तीन महिने शुकशुकाट असे चालते. अशा वेळी दरमहा ठरावीक हप्ता मागणाऱ्या आवर्ती ठेवीपेक्षा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी सोयीचा वाटतो. वर्षाला किमान ५०० आणि कमाल १.५ लाख रुपये सवडीने भरता येतात. सहा महिन्यांचा खर्च मात्र हाताशी असावा. मानधनातून स्रोतावर कर कापला जातो, आणि पॅन दिलेला नसेल तर ही कपात २० टक्क्यांपर्यंत जाते. विवरणपत्र भरल्यास देय कराहून जादा कापलेली रक्कम परत मिळते.

करार करताना छायाचित्र कुठे, कोणत्या माध्यमात आणि किती काळ वापरले जाणार, हे लेखी असावे. एका शहरातील फलकासाठी दिलेले चित्र देशभर वापरायचे असेल, तर त्याचे वेगळे मानधन मागण्यात संकोच नसावा. एजन्सीचे दलाली शुल्क मिळालेल्या कामातून कापले जाते. काम मिळण्यापूर्वीच ‘नोंदणी’, ‘प्रशिक्षण’ किंवा ‘निवड निश्चिती’साठी पैसे मागणाऱ्याला, त्याचे कार्यालय कितीही झगमगीत असो, खाते क्रमांक लिहून घेण्याच्या आतच नकार द्यावा.